शेवटचे दोन

धायरी फाट्यावरची जिम. पावणेसहा.
शटर अर्धंच वर, वाकून आत.
ट्रेनरचे पैसे वेगळे.
म्हटलं, मोजता मलाही येतं.

पलीकडे रेवणनाथ कुणाला तरी
"शेवटचे दोन, सर, शेवटचे दोन" म्हणत
चार काढून घेतोय.

माझं मी मोजतो. आठ. नऊ.
नऊनंतर गॅसचं बिल आठवतं,
परत सात.

अकराव्याला दांडा छातीवर येऊन बसला.
उठेना.
रेवणनाथला हाक मारावी?
त्याचे पैसे वेगळे.
बाजूच्या आरशात लालबुंद माणूस,
चेहऱ्यावर अस्सल पुणेरी:
सांगितलं होतं कुणी?

कललो. चकत्या घरंगळल्या धडाधड.
"क्लिपा नव्हत्या लावल्या, बरं केलंत,"
रेवणनाथ, मान न वळवता.
एवढं फुकट.

पाणी प्यालो. परत आडवा.
शेवटचे दोन, स्वतःलाच म्हटलं.
तिसऱ्याला कळलं,
फसलो.