गोल किल्ली

सेतूबालच्या बंदरामागे, सार्डिनच्या कारखान्यात
हिशेबाची खोली वरच्या मजल्यावर.
जिन्यातच तेलाचा वास अंगाला चिकटायचा.
वर टेबलावर आडवा पसरलेला कॉम्प्युटर,
त्याच्या तोंडावर, उजवीकडे, एक कुलूप,
करंगळीच्या नखाएवढं.

लुदोव्हिनाबाई रोज सहाला
चष्मा काढायच्या, किल्ली फिरवायच्या.
नळीसारखी किल्ली, गोल, पोकळ.
कट्.
मग कळा बडवा कितीही,
पडदा ढिम्म.

मी दुरुस्तीवाला. न राहवून एकदा सांगून टाकलं,
बाई, हे कुलूप नावालाच.
कंपनीने शेकडो यंत्रांना एकच किल्ली दिलीय,
ही बघा, माझ्याही जुडग्यात.
आणि नसली तरी मागचे चार स्क्रू काढायचे,
आतली एक वायर उपटायची,
झालं.

त्यांनी ऐकून घेतलं.
किल्ली पुन्हा गळ्यातल्या दोरीत, क्रुसाशेजारी.
"स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब टाकून दे."
"कुठल्या रंगाचा?"
"माझ्याकडे एकच आहे."

ऑक्टोबरात मालकाचा मुलगा, गास्पार,
शनिवारी रात्री एकटाच जिना चढला.
डबे भरणाऱ्या बायांचे जादा तास
त्याला कमी हवे होते.
किल्ली त्याने मागितली नाही.
मागायची तर बाईंच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

सोमवारी मला बोलावणं.
मागे वाकलो, तर चारही ठिपके तडकलेले,
टेबलावर लाल पापुद्रे,
एका स्क्रूची खाच पार झिजवलेली.
घाईत होता, किंवा घाबरला होता.
बाई काही बोलल्या नाहीत.
खणातून तासांची वही काढली, पेन्सिलीने लिहिलेली,
खाली गेल्या,
आणि डब्यांच्या लांब टेबलावर
ती उघडी ठेवून आल्या.

कुलूप चोराला अडवत नाही, हे मला ठाऊक होतं.
ते त्याला स्क्रूड्रायव्हर शोधायला लावतं,
हाताला घाम फोडतं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता बँकेचं पत्र येतं:
आपल्या खात्यात बहुधा कुणी शिरलं होतं,
कृपया पासवर्ड बदला.
बहुधा.
मी टेबलावर बघतो. एक पापुद्रा नाही.

कारखाना बंद पडला, यंत्र भंगारात गेलं.
गोल किल्ली अजून जुडग्यात आहे, कशालाच लागत नाही.
रात्री जिन्यातला दिवा गेला की
दाराची किल्ली चाचपताना
आधी तीच हाती येते.