मूळ प्रत

फैजपूरला बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ,
साठ रुपयांत आठ, दहा मिनिटांत.
दहावीचे फॉर्म सुरू झाले की पोरींची रांग लागते.
प्रत्येकीच्या हातात मोबाइल,
मोबाइलमध्ये दुसरीच कुणीतरी.

परवा दिव्यानी भारंबे आली.
स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाली,
"ताई, गाल असे करी द्या न. अन् रंग."
त्या बाईच्या कातडीला एक छिद्र नव्हतं.
घाम कुठून येत असेल तिला?
विचारलं नाही. गिऱ्हाईक आहे.

माउस धरला.
हनुवटी आत ढकलली,
मानेवरचा उन्हाचा पट्टा पुसला,
न्हावीहून रोज सायकलवर येताना पडलेला.
ओठाखालचा तीळ उचलला अलगद,
भाकरीवरचं पीठ झटकावं तसा.
ती श्वास रोखून बघत होती.
"अजून," म्हणाली. "अजून थोडं."
मग हळूच सांगितलं,
आईच्या पॅकिंग शेडमधलं
केळीची जाडी मोजायचं माप तिनं घरी आणलंय.
रात्री सगळे झोपले की
बोटांना लावते, मग मनगटाला.
मापात बसत नाही.

संध्याकाळी फोटो न्यायला आई आली,
बोटं केळीच्या चिकानं काळी.
पाकीट उघडलं, पाहिलं,
माझ्याकडे परत सरकवलं.
"हे दुसऱ्या कोणाचे दिले, बाई. आमच्या पोरीचे द्या."
मी पाकिटावरचं नाव दाखवलं.
तिनं फोटोवर, ओठाखाली, अंगठा फिरवला,
काही चिकटलंय का बघावं तसा,
आणि तोच अंगठा
स्वतःच्या ओठाखाली नेला.
तिथे तीळ होता.

काही बोलली नाही.
दहा-दहाच्या सहा नोटा काचेवर ठेवून गेली.

शटर ओढायच्या आधी मी ते फोल्डर उघडलं,
'मूळ' नावाचं.
पुसण्याआधीच्या सगळ्या पोरी तिथे आहेत,
पुटकुळ्या, तिरके दात, जाड भुवया,
एकीच्या कपाळावर तर शाळेतल्या खडूची पांढरी रेघ.
दिव्यानीचे आठ छापले, पैसे न घेता.
पाकीट अजून गल्ल्यात पडून आहे.
पोरगी घेणार नाही,
आईला कोणत्या तोंडानं बोलावू?

शोधता शोधता माझाही एक सापडला,
लग्नाच्या बायोडेटाचा, मीच दुरुस्त केलेला.
गोरी आहे त्यात मी. नाक सरळ.
त्याचं मूळ कुठेच नाही.
तेव्हा ठेवायची सवय नव्हती मला.