पान चौऱ्याऐंशी

परभणीत, स्टेशनमागच्या टॉकीजमध्ये
दुपारच्या खेळाला आम्ही अकरा जण.
शेजारी निजामोद्दीन सर,
चाळीस वर्षं पेटी शिकवली, डोळे लहानपणीच गेलेले.
ही कादंबरी मीच त्यांना वाचून दाखवली होती
लोडशेडिंगच्या दिवसांत,
मेणबत्ती फक्त माझ्यापुरती.

पान चौऱ्याऐंशी. तिथं एवढंच आहे :
‘यमुनानं ताट वाढलं. ती काही बोलली नाही.’
मी ते घाईत ओलांडलं होतं,
जरा आवाज चढवून.

पडद्यावर ताट आलं. भाकरी, ठेचा, मिठाचा खडा.
आणि खालून सारंगीचा एकच सूर,
किंचित उतरलेला, मुद्दाम.
सरांनी माझं मनगट धरलं.
‘कोमल धैवत. रागावली नव्हती रे ती,
थकली होती.
तू चुकीचं वाचलंस तवा.’

मग बराच वेळ काही वाजलंच नाही.
‘बंद पडलं का?’
नाही सर, चित्र चालूय.
‘मग सांग की.’

सांगू लागलो :
जिनिंगचं पत्र्याचं छत, त्यावर चांदणं,
कुंपणाच्या तारेला अडकलेले कापसाचे पुंजके
हलतायत,
आणि यमुना चाललीय त्यांच्या कडेकडेनं,
चपला हातात घेऊन.
कादंबरीत या रात्रीची साडेतीन पानं आहेत.
त्यातलं एक वाक्य मला आठवेल तर शपथ.

‘कोणत्या हातात?’ सरांनी विचारलं.
तोवर पडद्यावर सकाळ झाली होती.

डाव्या, म्हणालो.

रात्री घरी येऊन पुस्तक काढलं.
साडेतीन पानं दोनदा वाचली.
चपला कुठंच नाहीत.