गोडाचं पाणी

प्लोमारीच्या धक्क्याला लागून साबणाची भट्टी होती,
आणि भट्टीवर माझी आई, मिर्सिनी,
वल्ह्याएवढ्या दांड्याने ऑलिव्हचं तेल ढवळायची.
तेल, कॉस्टिक, मीठ.
तीन दिवस उकळी. चौथ्या दिवशी साबण वर यायचा
आणि तळाशी राहायचं तपकिरी, खारट,
कुणालाच नको असलेलं पाणी.
बूच काढलं की ते गटारातून थेट समुद्रात.
आम्ही पोरं तिथे बसून फेस मोजायचो.
मासे फिरकत नसत.

आईच्या हातांना भेगा.
संध्याकाळी माझी वेणी घालताना
केस त्या भेगांत अडकायचे,
मी ओरडायचे, ती म्हणायची,
'झालंच, ग्लिकिया मू.' झालंच, माझी गोड ती.

शनिवारी पगार, आणि शनिवारीच
औषधवाल्या पेलोपिदासकडून निळी बाटली, बोटभर.
आत पाण्याहून आळशी काहीतरी.
आडवी केली की बुडबुडा
दुपारच्या मांजरासारखा सावकाश उठायचा.
गुलाबपाण्यात दोन थेंब, भेगांवर. आधी चरचर.
उरलेला थेंब माझ्या ओठांवर.
मी चाटून टाकायचे. ती परत लावायची.

'कशाचं असतं हे?' एकदा विचारलं.
पेलोपिदासने चष्मा पुसला.
'तुझ्या आईच्या भट्टीतलंच, पोरी.
तेल फुटलं की एक वाट साबणाकडे जाते,
दुसरी तुम्ही समुद्रात सोडता.
बाहेरदेशी ती गाळून घेतात
आणि बाटलीत घालून आपल्यालाच विकतात.
ग्लिकेरिनी. आता नावाचा अर्थ
मी तुला सांगायला हवा का?'

मला वाटलं, आई चिडेल.
ती हसली, ओठ फुटेपर्यंत.
'म्हणजे वीस वर्षं मी या समुद्रात गोड ओततेय,
आणि मेला अजून खारटच!'

भट्टी बंद पडली. मी मितिलिनीला
औषधांच्या दुकानात लागले.
तीच बाटली आता मी विकते.
खोकल्याच्या काढ्यात ती असतेच; केकवाला नेतो,
साखरेचा लेप मऊ राहावा म्हणून;
नाटकातला दिमोस्थेनिस डोळ्यांखाली लावतो,
दुसऱ्या अंकात त्याची बायको मरते.
खाणीवाले मात्र येत नाहीत.
त्यांच्याकडे ती सुरुंगात भरूनच पोचते.

आणि आईच्या छातीसाठी डॉक्टरने दिलेली गोळी,
तीही त्याच घराण्यातली. जिभेखाली ठेवायची.
'सुरुंगाची?'
'सुरुंगाचीच. मोहरीएवढी.'
तिने डोळे मिटले. मी घड्याळाकडे बघत राहिले.
'गोड लागते का गं?'
'डोकं ठणकतंय,' ती म्हणाली. 'पण दगड हलला.'

मग उगाच माझी वेणी सोडून
पुन्हा घालायला बसली,
पन्नाशीतल्या बाईची वेणी.
तिची बोटं आता मऊ झाली होती.
एकही केस अडकला नाही.
मी शेवटच्या पेडापर्यंत वाट पाहिली.