सूर्यातला त्से

वोल्दियाच्या बसस्टँडसमोर चार बाय दोनचा पत्रा,
त्यावर लिहायचं: त्सेहायनेश, चहा-कॉफी.
मला अक्षरामागे पैसे मिळतात,
म्हणून मी सहसा वादात पडत नाही.

पण पहिल्याच अक्षराला ब्रश अडला.
आमच्याकडे त्से दोन.
एक प्रार्थनेतला, पाय फाकून उभा,
एक सूर्यातला, गरगरीत, पोटात आडवी रेघ.
उच्चाराला दोघे एकच, जीभ त्याच जागी टेकते.

"मग एकाला काढून टाका," नाहोम म्हणाला.
तो शेजारी मोबाइल दुरुस्त करतो.
"आणि ह तर तीन-तीन!
नावेतला ह, गर्दीतला ह, हालेलुयातला ह.
डोळे मिटून कुणी वेगळे ओळखून दाखवावेत,
नवी बॅटरी फुकट देतो."

मरीगेता लाकेव यांनी आधी तिसरा पेला संपवला.
चर्चच्या शाळेत त्यांनी आम्हा दोघांचेही कान पिळलेत.
"वेगळे होते पूर्वी. घशात पार आत
एक जण राहायचा. तो गेला.
म्हणून त्याचं घर पाडायचं?"
"भाडं कोण भरतंय त्या घराचं?"
"पोरं भरतात, छड्या खाऊन,"
मी बोलून गेलो, आणि वादात पडलो.

त्सेहायनेश कोळशावर वारा घालत होती.
"सूर्यातलाच काढ," मान वर न करता म्हणाली,
"दुसऱ्यानं मी जप करतेय असं वाटतं."

मग त्याखाली वेळ. "बारा वाजता उघडतं, लिही."
"सहा लिही," नाहोम. "बाहेरगावचा पाहुणा
बारा वाचेल आणि भर दुपारी उगवेल."
"का? त्यांचा दिवस निघतो कुठून?"
"मध्यरात्रीपासून."
"मध्यरात्री जागं कोण असतं? तरस.
तरसाला विचारून ठरवलं का?"

हसता हसता मरीगेतांना ठसका लागला.
खरंच, दिवस कासराभर वर आला की एक,
दिवेलागणीला पुन्हा बारा,
लेकराला बोटांवर कळतं.
नाहोम हटेना. त्यानं तेरावा महिना काढला:
पाच दिवसांचा, बिनपगारी,
"पोट मात्र त्या पाच दिवसांतही रोज तीनदा विचारतं."
यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

ती कोळसे सारखे करत राहिली.
मग म्हणाली, मागल्या रविवारी
एतागेन्य बोलणार होती. जेद्दाहून.
"नऊला करते, आई," असा निरोप.
मी म्हटलं, पोरगी चार वर्षं तिकडे,
तिचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे तीन.
दिवसा फोन नाहोमकडे चार्जिंगला ठेवला,
रात्री उशाशी घेऊन बसले.

तिनं मात्र म्हटलं होतं, आईला कशाला त्रास,
आईच्याच हिशेबानं सांगावं.
दुपारी नऊला फोन वाजला,
या दुकानात, पंचवीस फोनांमध्ये.
नाहोम जेवायला गेला होता.

लाल समुद्राच्या अलीकडे-पलीकडे
सूर्य तोच, घटकाही तीच.
दोघींनी एकमेकींसाठी सहा तास सोडले,
आणि मधले सहा तास कुणाच्याच पदरात नाहीत.

"दुसऱ्या दिवशी लागला," ती म्हणाली.
"मी म्हटलं, बाई, आकडे नकोत.
सावली पायाखाली आली की कर.
तर म्हणते, आई,
या स्वयंपाकघराला खिडकी नाही."

नाहोम स्क्रू शोधत बसला, बराच वेळ.
मरीगेतांनी पेला उगीचच पुन्हा तोंडाला लावला,
रिकामा होता.

मी त्से पुरा केला.
गोल, आणि मधून रेघ, जरा जाड,
डोंगराआडून अर्धाच वर आलेला असतो तसा.
लिहिलं: उघडण्याची वेळ.
पुढे बोटभर जागा सोडली आहे.
परवापासून ती कोरीच आहे,
ती सांगत नाही, मीही विचारत नाही.
अदिसची बस कधीही येवो,
लोक पत्रा वाचतात, थांबतात, चहा आहे का विचारतात.

कोऱ्या जागेचे पैसे मी लावलेले नाहीत.