पान एकशे अठरा, तळाशी

साल्तोत जुलै म्हणजे थंडी,
नदीवरून येणारी, कोटाच्या आत शिरणारी.
वाशिंग्तोन संत्री खातो आणि सालं हीटरवर ठेवतो,
नको म्हटलं तरी.
आमच्या नियतकालिक विभागाला त्यामुळे
मुरंब्याचा वास येतो.

डीनबाईंचं पत्र आलं आहे:
तीनशे सात नियतकालिकं, वर्गणी डॉलरमध्ये.
त्यांतली किती जगाच्या सूच्यांमध्ये सापडतात, ते कळवा.
न सापडणाऱ्यांचा विचार करू.
विचार करू म्हणजे काय
हे बत्तीस वर्षांत मला कळलेलं आहे.

पद्धत साधी.
मांडणीवरून अंक उचलायचा, डोळे मिटून पान उघडायचं,
निघेल ते चार सूच्यांमध्ये शोधायचं.
आहे, तर खूण. नाही, तर रेघ.
गावातल्या दर घराची कडी वाजवून
आत कोणी राहतं का, एवढंच विचारत जावं तसं.
जेवलात का, हे विचारायला रकाना नाही.

पहिल्या आठवड्यात बडी घराणी उरकली.
जाड कागद, गुळगुळीत पाठ,
चारही पंगतींत पाटावर बसलेली.
मग मधली मंडळी:
कुणी दोन वर्षं उशिरा पोचलेलं,
कुणाचे लेख घेतलेले आणि पत्रव्यवहार उंबऱ्याबाहेर,
कुणाच्या लेखकाचं दुसरं आडनाव वाटेत गळालेलं.
आईचं, अर्थात.
मग मेंढपाळ संघाचं त्रैमासिक, दोन पिनांवर उभं,
ज्यात दोन्या एर्मिंदा दर हिवाळ्यात लिहिते
कुठल्या ओढ्याकाठी कुठलं गवत कडू झालं.
चार रेघा.
मी त्या जरा सावकाश ओढल्या.

तिसऱ्या बुधवारी
एका बड्या घराण्याचा जुना अंक हातात आला.
डोळे मिटले, उघडले.
पान एकशे अठरा, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
मार्च अंकातील तक्त्यात कोकरांसाठी
प्रति किलो दोन मिलिग्रॅम असे छापले गेले आहे.
तेथे शून्य पूर्णांक दोन असे वाचावे.
संपादक दिलगीर आहेत.

शोधलं.
मार्चचा लेख चारही सूच्यांमध्ये आहे,
सारांशासकट, एकसष्ट जणांनी आधार घेतलेला.
दिलगिरी कुठेच नाही.
शब्द बदलून पाहिले, वर्ष बदलून पाहिलं,
वाशिंग्तोनला उठवून त्याच्या यंत्रावर पाहिलं.
ओळी चारच, लेखक कुणी नाही,
अशांना बहुधा आत घेत नाहीत.

डॉक्टर बेरास्तेगींना फोन केला.
हा तक्ता ते दुसऱ्या वर्षाला शिकवायचे.
मी आकडा सांगितला, मग खरा आकडा सांगितला.
पलीकडून मातेची नळी ओढल्याचा आवाज आला,
भांडं रिकामं झालं तरी येत राहिला.
मग म्हणाले, कुठल्या वर्षाचा अंक, नेलिदा?
मी सांगितलं.
मग त्यांनी हवामानाचं काहीतरी विचारलं.

अहवालात त्या नियतकालिकापुढे
मी चार खुणा केल्या. नियमच तसा आहे,
डीनबाईंना एका पानात उत्तर हवं आहे.
एर्मिंदाच्या त्रैमासिकापुढे चार रेघा तशाच,
फक्त शेरा म्हणून लिहिलं:
वर्गणी वर्षाला दोन किलो लोकर, शक्य तेव्हा.

संध्याकाळी मार्चचा अंक काढला.
पुस्तकात लिहिणाऱ्या पोरांना
मी आजवर किती दंड केला असेल, हिशेब नाही.
एकाला तर रडवलं होतं, तो आता पायसांदूत प्राध्यापक आहे.
तक्त्याच्या शेजारी, समासात लिहिलं:
पाहा, पान एकशे अठरा, तळाशी.

मान वर केली तर वाशिंग्तोन उभा,
हातात अर्धं सोललेलं संत्रं.
बराच वेळ वाचत राहिला.
फार पुसट उठलंय, म्हणाला,
आणि कानामागची पेन्सिल काढून दिली.