शुद्धिपत्र

आमचं नियतकालिक वर्षातून दोनदा निघतं,
म्हणजे निघायला हवं.
एकोणिसावा अंक जूनचा, तो ऑक्टोबरात निघाला,
कारण चिलोए बेटावर वादळात तीन आठवडे
वीज येऊन-जाऊन होती,
आणि दुसरे परीक्षक, वाल्दिव्हियाचे डॉक्टर क्रेमर,
"येत्या सोमवारी नक्की" असं
दर सोमवारी लिहीत होते.

केम्चीच्या वाचनालयात दोन खोल्या.
पुढच्या खोलीत मुलं, वर्तमानपत्रं, निथळणारे डगले.
मागच्या खोलीत लाकडाची शेगडी, एक संगणक, आणि मी:
संपादक, मुद्रितशोधक, हिशेबनीस,
ओंडका सरकवणारी.
संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामावरून
रात्री अकरा वाजता
मी मोठमोठ्या प्राध्यापकांशी भांडलेय,
पायात दोन-दोन लोकरी मोजे घालून.

वाचणाऱ्याकडून पैसे नाहीत. लिहिणाऱ्याकडूनही नाहीत.
पण प्रत्येक लेखाला एक कायमचा पत्ता लागतो,
आणि कायमचं काहीच फुकट मिळत नाही.
म्हणून ऑगस्टात आम्ही चौकात मिल्काओ विकतो,
किसलेल्या बटाट्याच्या जाड भाकऱ्या,
आत चरबीचे कुरकुरीत तुकडे.
पन्नास भाकऱ्या, एक लेख.
'कायमचा' हा शब्द टंकताना
माझ्या बोटांना अजून तळणीचा वास येतो.

अंक निघाला त्या गुरुवारी रोसेंदा रायमापो आली.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बादली.
"आमच्या किनाऱ्यावर कुणी लिहिलंय म्हणे. दाखव."
मी अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं,
इतकं की एका पडद्यावर एकच ओळ मावेना.
ती ओठ हलवत वाचत गेली.
सारांश. पद्धती. (इथे जांभई.)
तक्ता तीन, ओळ सात.
तिथे तिचं बोट काचेवर टेकलं, आणि ओलं वर्तुळ उमटलं.

"शिंपल्या नऊ साली संपल्या? कोण म्हणतं?
चार साली संपल्या.
साल्मनचे पिंजरे आले, माझा मधला पोरगा तिथे लागला,
त्याच थंडीत मी पहिल्यांदा रिकामी बादली घेऊन घरी आले.
पोरांचे वाढदिवस विसरते मी.
ते नाही विसरत."

लेखिकेला फोन लावला. बेलेन, पोरगी हुशार आहे,
लाटांत उभी राहून मोजमाप करणारी.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"सरकारी नोंदवहीच नऊ साली सुरू झाली."

म्हणजे वही जिथून उघडली
तिथूनच आम्ही नुकसान मोजलं होतं.
दोन परीक्षक, एक संपादक, सहा चष्मे,
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आधार कसा द्यायचा?
आमच्या नियमावलीत रकाने आहेत:
आडनाव, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, पान.
रोसेंदाकडे आडनाव आहे, वर्ष आहे.
पान म्हणून मी तिला विचारलं, किनाऱ्यावर नेमकं कुठे?
"दोन काळ्या खडकांच्या मध्ये,
ओहोटीला, चर्चच्या दिशेने तोंड करून."
मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

जाताना दारात थांबली.
"हे वाचायला किती पडतात?"
"काही नाही."
"पलीकडच्या बेटावरच्या बायकांनाही?"
"त्यांनाही. कुणालाही."
तिने बादली या हातातून त्या हातात घेतली.
"मग नीट लिही."

तीन वेळा लिहिलं, दोनदा पुसलं.
मग डॉक्टर क्रेमरना पाठवलं,
त्यांचं उत्तर, नवल म्हणजे, वीस मिनिटांत आलं:
एकच शब्द, "छापा".

*तक्ता ३, ओळ ७: '२००९' ऐवजी '२००४' वाचावे.
आधार: रायमापो, रोसेंदा. प्रत्यक्ष सांगणे.
दोन काळ्या खडकांच्या मध्ये, ओहोटी.*

रात्री एकदा पाहिलं, कुणी उघडलंय का.
एकाने. कुठून, ते यंत्राला कळलं नव्हतं.
शेगडी विझत आली होती.
विसाव्या अंकाचे चार लेख अजून परीक्षकांकडे आहेत,
आणि उद्या सोमवार.